दुसरा ब्रेक

रकाना १ : जखमी व्यक्तीचे नाव, वय, चालकाशी नाते

नाव लिहिलं. वय एकाहत्तर लिहिलं. आई म्हणाली, अडुसष्ट लिही. म्हटलं, खोटी माहिती दिल्यास अर्ज बाद होईल असं वरतीच ठळक छापलंय. ती म्हणाली, "मग राहू दे. पण तिथल्या माणसाला सांग, एवढी दिसत नाही म्हणून."

चालकाशी नाते : सासू.

रकाना बोटभर रुंद आहे. 'सासू' मावतं. पुढचं मावत नाही.

अर्ज मी भरतेय, कारण घरात वाचता येईल असं अक्षर माझंच. आई कॉटवर आडवी आहे, उजव्या खुब्यात तीन स्क्रू. मास्तर खिडकीशी उभा आहे. मास्तर म्हणजे माझा नवरा. बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, त्यामुळे शेजारी, गॅरेजवाले, शिकून गेलेले सगळे त्याला मास्तरच म्हणतात. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत मीही म्हणायला लागले. वर्गात उभं राहून बोलायची सवय असल्यामुळे तो घरातही बसून बोलत नाही.

"आधी पेन्सिलने लिही," तो म्हणाला.

"निळ्या किंवा काळ्या शाईनेच लिहायचंय."

"तरी."

रकाना २ : वाहनाचा प्रकार

शिकवणीची गाडी. पांढरी, चार दारांची, पुढे-मागे लाल अक्षरांत 'शिकाऊ'. शिकणारा स्टिअरिंगवर बसतो, मास्तर शेजारी, आणि मास्तरच्या पायाशी दुसरा ब्रेक. शिकणाऱ्याचा पाय घाबरून भलत्याच पेडलवर गेला की मास्तर आपल्या बाजूने गाडी थांबवतो. बावीस वर्षांत त्या ब्रेकने किती सायकली, किती कुत्री आणि किती भिंती वाचवल्या याला गणती नाही.

त्या दिवशी स्टिअरिंगवर मास्तर होता. शेजारी आई, कारण मागे बसलं की तिचे गुडघे दुमडत नाहीत. आणि दुसरा ब्रेक जिथे असतो तिथेच होता, आईच्या चपलेपासून वीतभर.

रकाना ३ : अपघात कसा झाला? (तीन ओळींत लिहावे.)

मास्तरने सांगितलेलं :

सकाळी साडेदहा वाजता चालक (अनुभव बावीस वर्षे, अपघात शून्य) योग्य वेगाने, योग्य बाजूने व योग्य ती सावधगिरी बाळगून वाहन चालवत असता शेजारी बसलेल्या व्यक्तीने काही एक कारण नसताना

"काही एक कारण नसताना?" आई कॉटवरून म्हणाली.

खोडलं.

आईने सांगितलेलं :

मी चष्मा करायला निघाले होते. जावयाने गाडी पुढच्या टेम्पोला अशी चिकटवली की टेम्पोच्या पाठीवर काय लिहिलंय ते मला चष्म्यावाचून वाचता आलं. मी तीनदा सांगितलं. ऐकेल तो जावई कसला. मग

"तीनदा नाही," मास्तर म्हणाला. "घरापासून. लिहायचंच तर खरं लिही. सिग्नल आला, थांबा. वळण आलं, थांबा. हिरवा लागला, तरी थांबा, कुणी येत असेल."

"मग आलाच ना खांब?"

"खांब आला नाही, आई. खांब तिथेच होता. आपण गेलो."

"बघ, आता स्वतःच्या तोंडाने म्हणाले."

खोडलं.

मी पाहिलेलं :

मी मागच्या सीटवर होते. टेम्पोचे मागचे दिवे लाल झाले. मास्तरचा पाय हलायच्या आत आई "अहो!" म्हणून ओरडली आणि तिने दोन्ही पाय दुसऱ्या ब्रेकवर ठोकले. रस्त्याच्या कडेला कुठल्याशा बांधकामाची वाळू सांडलेली. गाडी टेम्पोला लागली नाही, वाळूवरून फिरली आणि दिव्याच्या खांबाला नाक लावून उभी राहिली. मास्तरला ओरखडा नाही. मला कपाळावर टेंगूळ. आईचा पाय ब्रेकवर ताठ होता, म्हणून सगळा दणका सरळ खुब्यात गेला. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. आईने ब्रेक दाबला नसता तर आपण टेम्पोत घुसलो असतो, की मास्तरने वेळेत थांबवली असती, हे आता देवालाही सांगता येणार नाही. ही दोघं मात्र सांगतात.

हे तीन ओळींत बसत नाही. हेही खोडलं. रकान्यात आता निळी चटई विणलेली दिसते.

रकाना ४ : मागणी

हा रकाना मोकळा आहे, पण काय लिहायचं ते आम्हा तिघांना पाठ आहे. ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "तीन महिने रोज कुणीतरी शिकलेल्या माणसाने व्यायाम करून घेतला, तर चालतील. नाही तर वॉकर. तोही जमला नाही तर चाकाची खुर्ची, कायमची." रोज घरी येणारी फिजिओथेरपीची बाई आमच्या आवाक्यातली नाही. विम्यातून मिळते म्हणतात. म्हणून हा अर्ज, नाही तर हौस कुणाला.

खिडकी क्रमांक चार

विमा कचेरीत खिडकीमागच्या बाईने बोटाला कागद उलटायची रबरी टोपी घातली होती. तिने खोडलेल्या रकान्यावरून ते बोट फिरवलं आणि नवा अर्ज पुढे सरकवला.

"मी हप्ता एकदाही चुकवला नाही," मास्तर म्हणाला.

"चुकवता येतच नाही. त्याशिवाय गाडीची नोंदणी होत नाही. सक्तीचा आहे." बाई वर न बघता बोलत होती. "पण हा विमा गाडीचा नाही, माहितीये ना?"

"गाडीचाच आहे. गाडीच्या नंबरवर आहे."

"नंबर गाडीचा. विमा गाडीचा नाही. तुमचं बॉनेट चेपलं, ते तुमचं तुम्ही बघायचं. खांब वाकला, तो नगरपालिका तुमच्याकडून सरळ करून घेईल. तुमच्याच चुकीने तुम्हाला स्वतःला लागलं असतं, तर तेही सहसा तुमचं तुम्ही."

"मग बावीस वर्षं मी कसला विमा भरतोय?"

"तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या माणसाला लागलं तर त्याचा. रस्त्यावरचा असो, सायकलवरचा, समोरच्या गाडीतला, नाही तर तुमच्याच गाडीत बसलेला." आता तिने वर बघितलं. "हा तुमच्यासाठी नाही हो. तुमच्यापासून आहे."

मास्तरने मागे वळून रांगेकडे बघितलं. रांगेतल्या कुणी ऐकलं नसावं अशी त्याची इच्छा दिसली. स्कूलच्या नवव्या धड्यात तो विम्यावर दहा मिनिटं बोलतो. दारातून जाता-येता मी कैकदा ऐकलंय. "विमा म्हणजे छत्री. छत्रीशिवाय रस्त्यावर निघायचं नाही." ती छत्री दुसऱ्याच्या डोक्यावर धरायची असते, हे त्याने कुठल्याच तुकडीला सांगितलेलं नाही.

"चूक कुणाची?" बाईने विचारलं.

"आमच्यात अजून ठरलं नाही," मी म्हणाले.

"ठरवून या. चालकाची चूक असेल तर प्रवाशाचा उपचार, घरी येणारी बाई, सगळं मिळतं. प्रवाशाने स्वतः काही केलं असेल, स्टिअरिंग ओढलं, हँडब्रेक खेचला, तर तेवढं कापलं जातं. सगळं त्यानेच केलं असेल तर काहीच नाही."

मास्तरने घसा साफ केला. "आणि चालकाची ठरली, तर चालकाला काय?"

"साध्या चालकाला विशेष नाही. पुढच्या वर्षी हप्ता वाढतो." बाईने गाडीच्या कागदावरचा शिक्का वाचला. "तुम्ही शिकवता होय? मग शिकवण्याचा परवाना थांबतो. फेरप्रशिक्षण, मग परीक्षा. धरा तीन-चार महिने. पुढचे या."

रकाना ३, नवा अर्ज

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ब्रश तोंडात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला.

"लिही. माझी चूक."

"तोंड धुऊन ये."

"नंतर पुन्हा धीर होणार नाही. लिही, चालक निष्काळजीपणे गाडी चालवत होता." फेस हनुवटीवर आला. "नको. 'अत्यंत निष्काळजीपणे' लिही. नुसत्या निष्काळजीवर कापाकापी करतील."

"आणि स्कूल?"

"तीन-चार महिने लोक चालत जातील. चालणं चांगलं असतं." मग बेसिनमध्ये थुंकून हळूच म्हणाला, "त्यांनी खुर्चीत बसून राहिलेलं मला बघवणार नाही. आणि खुर्चीतून बोललेलं ऐकवणारही नाही."

मी लिहिलं. अर्जात चालकाचं निवेदन वेगळ्या पानावर असतं आणि जखमीचं वेगळ्या. चालकाचं पान भरलं, त्याने सही केली आणि शिकायला येणाऱ्या सहा जणांना फोन लावायला बाहेर गेला. दार लोटायचं विसरला. आईचा एक पाय कामातून गेला होता, कान शाबूत होते.

जखमीचं पान घेऊन मी कॉटशी गेले तेव्हा ती छताकडे बघत होती.

"माझी चूक लिही," ती म्हणाली.

"आई, तुला कळतंय का?"

"सगळं कळतंय. जावई उत्तम चालवत होते. मला भलतीच भीती वाटते, लहानपणापासून. मी विनाकारण ब्रेक दाबला."

"विनाकारण? टेम्पोची पाठ वाचत होतीस ना?"

"मला चष्मा लागलाय. काय वाचलं असेन मी?" तिने चादर हनुवटीपर्यंत ओढली. "जावयाच्या पोटावर पाय देऊन मी चालायला शिकू? त्यापेक्षा बसलेली बरी. लिही म्हणते ना!"

बावीस वर्षं या दोघांनी एकमेकांवर एकही दोष ठेवायचा बाकी ठेवला नव्हता. दूध नासलं तर जावयाने झाकलं नाही; दिवा जळत राहिला तर सासूबाईंनी लावला. आता दोघं तितक्याच हट्टाने, तितक्याच आवाजात स्वतःकडे बोट दाखवत होती. भांडण तेच. फक्त बोटं वळली होती.

मी दोन्ही पानं शब्दाला शब्द लिहिली, दोघांच्या सह्या घेतल्या आणि अर्ज खिडकी चारला देऊन आले.

तपासनीस

आठव्या दिवशी विमा कंपनीचा तपासनीस आला. बारीक, खांदे पडलेला, हातात चेन तुटलेली बॅग. खुर्ची कॉटजवळ ओढून त्याने दोन निवेदनं दोन गुडघ्यांवर ठेवली.

"सतरा वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला. "प्रत्येक घरी माणूस म्हणतो, मी नाही, तो. हे सरळ आहे. त्यातला खोटा कोण ते शोधायचं. इथे दोघं म्हणताय, मीच, मीच. म्हणजे शोधायचं काय?"

"मी खरं सांगतोय," मास्तर म्हणाला.

"ते खोटं सांगताहेत," आई म्हणाली.

"हे असं, बघा." तपासनीसाने बॅगेतून पेन काढलं. "आजी, स्पष्ट विचारतो. विम्यातून काढायचं म्हणून दोघांनी मिळून काही ठरवलंय?"

"आम्ही? मिळून?" आईला हसता हसता खुब्यात कळ आली. "अहो, आम्ही दोघांनी मिळून पंखा किती वर ठेवायचा तेही अजून ठरवलेलं नाही."

"दोनवर," मास्तर म्हणाला.

"एकवर."

तपासनीसाने पंख्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

"मागे मी बसले होते," मी म्हणाले.

"तुम्ही यांची बायको आणि यांची मुलगी. तुमचं म्हणणं कुठल्या बाजूने धरू?" त्याने डॉक्टरांचा कागद उलगडला. "पाय ताठ होता. म्हणजे ब्रेक आजींनी दाबला हे पक्कं. त्याच्यावर वाद नको. प्रश्न एकच, का दाबला? कारण नसताना दाबला असेल तर चूक आजींची, मला काही देता येणार नाही. कारण असेल, तर ते कारण म्हणजे हे गृहस्थ." पेन मास्तरकडे वळलं. "गाडी चालू आहे?"

"आहे. एक दिवा फुटलाय."

"मग त्याच रस्त्याने, तशीच चालवून दाखवा. मी आजींच्या जागी बसतो."

मास्तरचा चेहरा उजळला. चपला घालताना माझ्या कानात म्हणाला, "काळजी करू नकोस. अशी चालवतो की त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतील."

पहिला गिअर

मी मागे बसले.

मास्तरने सीट पुढे घेतली. पट्टा लावला. तिन्ही आरसे बघितले, मधला पुसला. इंडिकेटर दिला. खांद्यावरून मागे बघितलं. मग पुन्हा आरसा. रस्ता अगदी मोकळा होता. तरी थांबून त्याने एका मांजराला जाऊ दिलं.

दुसरा गिअर

माझ्या लक्षात आलं ते त्याच्या लक्षात येत नव्हतं. शेजारी कागद घेऊन बसलेला माणूस म्हणजे परीक्षक, आणि परीक्षकासमोर वाईट गाडी चालवायची म्हटलं तरी मास्तरच्या हातापायांना ती येत नव्हती. मनाने तो अत्यंत निष्काळजी होता. हात मात्र स्टिअरिंगवर, दहा वाजून दहा मिनिटांच्या काट्यांसारखे घट्ट. चौकात त्याने वेग इतका अलगद कमी केला की तपासनीसाला जांभई आली.

तिसरा गिअर

पुढे दुधाची गाडी लागली. मास्तरने तिच्यामागे एवढं अंतर ठेवलं की मध्ये एक रिक्षा शिरली, मग दुसरीही शिरली. त्याने दोघींना हसून जाऊ दिलं. बावीस वर्षांत मी या माणसाच्या गाडीत इतकी निर्धास्त कधीच बसले नव्हते. पुढे वाकून बघितलं तर तपासनीस कागदावर लिहीत होता : चालक उत्तम. अंतर पुरेसे. भीतीस कारण दिसत नाही.

म्हणजे आईची खुर्ची पक्की झाली.

आरशात मास्तरचे डोळे दिसले. कपाळ घामाने डबडबलं होतं. त्यालाही आता कळलं होतं, आणि काही केल्या त्याचा पाय जड होत नव्हता. वाईट चालवायचं ठरवून वाईट चालवणं हे त्याने कधी शिकवलंच नव्हतं.

रिक्षा वळून गेल्या. पुढे फक्त दुधाची गाडी राहिली.

"एका बाबतीत आईचं बरोबर होतं," मी म्हणाले.

"कशाच्या?"

"तुला गाडी मागे घेऊन लावता येत नाही."

गाडी जराशी पुढे सरकली. "कोण म्हणतं?"

"आई. आणि मीही. त्या दवाखान्याबाहेर चारदा पुढे-मागे केलीस. शेवटी वॉचमनने लावून दिली."

"वॉचमनने?" एक हात स्टिअरिंगवरून सुटला. "वॉचमनने नुसता हात दाखवला!"

"किल्ली त्याच्याकडे होती."

"किल्ली मी धरायला दिली होती! धरायला! कारण मला खाली उतरून अंतर बघायचं होतं. तुला काय कळतंय? तू कधी स्टिअरिंगला हात लावलायस?"

"तू कधी लावू दिलास?"

"मी तुला शिकवायला निघालो होतो तेव्हा तू आईंना मध्ये घेतलंस, आणि आईंनी..." आता तो पूर्ण मागे वळला होता. असाच बोलतो तो. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची त्याला वर्गातली सवय. गाडी मात्र दुधाच्या गाडीकडे बघत होती. तिच्या मागच्या दारावरचं कुलूप दिसलं. मग कुलपावरचा आकडा दिसला.

"अहो," तपासनीस म्हणाला. मग म्हणाला, "अहो, अहो, अहो!"

आणि सतरा वर्षांच्या अनुभवासकट त्याचे दोन्ही पाय दुसऱ्या ब्रेकवर आदळले.

न्यूट्रल

काहीही झालं नाही. इथे वाळू नव्हती. गाडी जागच्या जागी बसली, बॅग सीटखाली गेली, कागद डॅशबोर्डवर आपटून दोन सीटांमध्ये पडले, ते मी उचलले. दुधाची गाडी आपल्या वाटेने निघून गेली. मागून कुणीतरी लांबलचक हॉर्न वाजवला.

तपासनीसाने पायांकडे बघितलं. ते अजून तिथेच होते.

"मी थांबवणार होतो," मास्तर म्हणाला.

"हो का," तपासनीस म्हणाला. मग त्याने खाली वाकून पेडल निरखलं. "हा काढता येतो?"

"येतो की. दोन पिना आहेत. पाच मिनिटांचं काम."

"घरच्या माणसांना घेऊन जाताना काढता?"

मास्तरने आधीच पुसलेला मधला आरसा पुन्हा पुसला. शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या जागेवर, चालू ब्रेकपाशी, ज्याला शिकवलेलं नाही असा माणूस बसवायचा नाही. हा त्याचा पहिला धडा. फळ्यावर लिहून घेतो सगळ्यांकडून.

"पाच मिनिटं वाचवली," तो म्हणाला.

तपासनीसाने माझ्याकडून कागद मागून घेतला. 'भीतीस कारण दिसत नाही' वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, ते मला मागून वाचता आलं : त्या जागी बसलेला कोणीही माणूस दाबेल. स्वतः अनुभवले.

निकाल

निकालाचं पाकीट दोन आठवड्यांनी आलं. अपघातास चालक सर्वस्वी जबाबदार. पुढच्या वाहनापासून अंतर अपुरे. प्रवाशाच्या पायाशी चालू ब्रेक. प्रवाशाची कृती स्वाभाविक. जखमीस उपचार, गृहभेटीची फिजिओथेरपी व मदतनीस मंजूर. मास्तरने पत्र उभ्यानेच दोनदा वाचलं. 'सर्वस्वी' या शब्दापाशी थोडा थांबला. मग जणू एखादा शिकाऊ पहिल्या फटक्यात पास झालाय तसा म्हणाला, "झालं बघा काम!"

सोबत एक छोटा कागद होता. त्यावर जखमीची सही हवी होती, त्याशिवाय बाई येणार नव्हती. मी वाचून दाखवला. "मला झालेली दुखापत चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाली, हे मला मान्य आहे."

आईने पेन घेतलं, पुन्हा वाचायला सांगितलं, आणि पेन खाली ठेवलं.

"मला मान्य नाही."

"आई," मी म्हणाले, "बावीस वर्षं तू रोज हेच बोलतेस."

"बोलणं वेगळं. बोललेलं वाऱ्यावर जातं. हे फायलीत राहणार. उद्या मी नसेन, पण कुणीतरी फाईल उघडेल आणि म्हणेल, या बाईने आपल्या जावयाला असं लिहून दिलं."

मास्तर आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत खाली बसला. कॉटच्या काठावर.

"आई, सही करा. मी निष्काळजी आहे."

"काही नाही. हात चांगला आहे तुमचा."

"मी पुढच्या गाडीला चिकटतो."

"वेळेवर पोचायचं असतं तुम्हाला."

"चालवताना फोन घेतो."

"एकदा घेतलात. तोही माझाच होता."

"मागे वळून बोलतो!"

"माणसाकडे बघून बोलावं. चांगली सवय आहे."

"गेल्या वर्षी मी तुमच्या पायावरून..."

"चाक गेलं नाही पायावरून. चपलेवरून गेलं. आणि ती जुनीच होती."

मास्तरने कपाळावर हात मारला. "बावीस वर्षं तुम्ही ओरडत होतात तेव्हा मी ऐकलं नाही! आता मी ऐकतोय, तर तुम्ही बोलत नाही! काय करू मी? लेखी देऊ?"

"तुम्ही दिलंयत की. त्याने काय झालं? परवाना गेला."

"परवाना परत येतो. परीक्षा देईन. पाय परत येतो का?"

आईने कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. मग मला म्हणाली, "यांना विचार, हे एकदा लिहून दिलं म्हणजे संपतं का सगळं?"

"म्हणजे?" मास्तर म्हणाला.

"म्हणजे उद्या मी गाडीत बसले, तर मला बोलायची मुभा आहे, की ते आता मिटलं असं धरायचं? कोर्टात वगैरे निकाल लागला की परत तेच बोलता येत नाही म्हणतात."

मास्तरने तिच्याकडे बघितलं. मी कधी बघितलं नव्हतं इतक्या गंभीरपणे तो म्हणाला, "बोला. कितीही बोला."

"लिहून द्या म्हणत नाही मी," आई म्हणाली, आणि तिने सही केली. ठळक, शेवटी खाली दोन रेघा ओढून.

पहिली भेट

सोमवारी सकाळी दहाला फिजिओथेरपीची बाई आली. तरुण, दणकट, मनगटावर मोठं घड्याळ. तिने आईला कॉटच्या काठावर बसवलं, वॉकर समोर ठेवला, काखेत हात घालून उभं केलं.

"आता उजवा पाय पुढे," बाई म्हणाली.

पाय हलला नाही.

"भीती वाटतेय. साहजिक आहे. गप्पा मारू या. मला सांगा, हे झालं कसं?"

"कसं काय," आई म्हणाली. एक श्वास घेतला, आणि तीन-चार आठवड्यांचा दाबून ठेवलेला आवाज पूर्ण मोकळा सोडला. "आमच्या जावयाने गाडी खांबावर नेली! विम्याच्या कागदावर आहे, सर्वस्वी जबाबदार! वाचायचा तर वाचा, टेबलावर ठेवलाय!"

आतून, स्वयंपाकघरातून, मास्तरचा आवाज आला. हल्ली सकाळी तो घरीच असतो.

"आणि ब्रेक कुणी दाबला?"

"दाबला म्हणून वाचलात!" आई दाराकडे वळून ओरडली.

"टेम्पो दहा फुटांवर होता!"

"दहा? दहा? थांबा, येते आणि मोजून दाखवते!"

वॉकर पुढे गेला. त्याच्यामागे डावा पाय. आणि मग, बाईने सांगायच्या आत, उजवा.